आजीचा पार्ट

मुलांना दाखवायच्या आदल्या रात्री तो सिनेमा मी एकट्याने पाहून ठेवला होता. कुठेही न पळवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रक्त आहे का, शिवीगाळ आहे का, कुणी मरतं का, एकदम अंगावर येऊन दचकवणारं काही आहे का, सगळं नजरेखालून घातलं. सिनेमा होता 'वॉल-ई'. २००८ सालचा, पिक्सारचा, अँड्र्यू स्टँटन यांनी केलेला. माणसांनी कचऱ्याने भरून सोडून दिलेल्या पृथ्वीवर एक छोटा यंत्रमानव ७०० वर्षांनंतरही एकटाच कचऱ्याचे चौकोनी ठोकळे रचत बसलाय, आणि सोबतीला आहे एक झुरळ. पहिला बराच भाग जवळजवळ बिनसंवादाचा, त्यामुळे सात वर्षांच्या धाकट्याला भाषेची अडचण नव्हती. अकरा वर्षांच्या थोरलीला विचार करायला भरपूर होतं. अमेरिकेत या सिनेमाला 'जी' असा शेरा आहे, म्हणजे कुठल्याही वयाला चालेल असा. मी निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. मे महिना, बाहेर ४३ अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडकीला ओली चादर बांधलेली, समोर कूलर, खाली फरशीवर दुसरी चादर अंथरून दोघं पालथी पडलेली, मधे भाजलेल्या शेंगांचं ताट. मागे दिवाणावर आई. तिचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं. पदराचा काठ दोन बोटांत धरून ती तो गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

धाकटा कशालाच घाबरला नाही. धुळीचं वादळ आलं, तो शेंगा सोलत राहिला. अंतराळजहाजावरची मारामारी त्याने हसत पाहिली. शेवटाकडे वॉल-ई यंत्राखाली चिरडला गेला तेव्हा थोरलीने डोळ्यांवर हात घेतले, तर हाच तिला समजावत होता, "अगं, होईल नीट. त्याच्या घरी पार्ट आहेत की." खरंच होते. सिनेमाच्या सुरुवातीलाच तो बंद पडलेल्या दुसऱ्या यंत्रांचे पट्टे स्वतःला बसवतो, फुटलेला डोळा बदलतो. माझं दुकान यंत्रमागाच्या सुट्या भागांचं. धोटा, पिकर, फणी, गिअर, चामडी पट्टे. धाकटा सुट्टीत रोज तासभर तिथे असतो. तुटका तुकडा हातात घेऊन माणूस येतो, मी फळीवरून तसाच दुसरा काढून देतो आणि तो माणूस जातो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलंय. मोडलेलं नीट होतं, ही त्याच्यासाठी रोजची गोष्ट आहे.

तर सिनेमात पार्ट बसले. उन्हात बॅटरी भरली, डोळे उघडले. आणि वॉल-ई ईव्हला, त्याच्या यंत्रमानव मैत्रिणीला, ओळखेना. ती त्याच्यापुढे त्यानेच जपून ठेवलेल्या वस्तू धरते, हा त्यांच्याकडे कोरड्या नजरेने पाहतो आणि कचरा म्हणून पोटात घालून दाबायला लागतो.

धाकटा उठून बसला. हातातली शेंग तशीच. "पप्पा, तो तिला ओळखत का नाही?" हे विचारताना त्याने टीव्हीकडे पाहिलं नव्हतं. तो मागे वळून दिवाणाकडे पाहत होता.

आदल्या रात्री मी हाच प्रसंग पाहिला होता. डोळे ओलावले होते, किती गोड शेवट केलाय असं मनात आलं होतं. माझी स्वतःची आई दीड वर्षापासून घरात एकेक माणूस विसरत चालली आहे आणि माझा मुलगा ते रोज पाहतो आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. मी सिनेमात हिंसा शोधत होतो.

पुढे ईव्ह त्याचा हात हातात घेते, गुणगुणते, कपाळाला कपाळ लावते, आणि त्याची बोटं हलतात. आठवतं त्याला. थोरलीने टाळ्या वाजवल्या. धाकटा मात्र उठून दिवाणापाशी गेला, आजीचा हात पदरातून सोडवून दोन्ही हातांत धरला आणि वाकून आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. बराच वेळ तसाच उभा राहिला.

आईने मान मागे घेतली. मायेनेच विचारलं, "कुणाचं रे लेकरू तू?"

आईच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. अलीकडचं आधी जातं, जुनं मागाहून. त्यामुळे माझं लग्न तिला अधूनमधून आठवतं, नातवंडं त्यानंतरची म्हणून ती आधी पुसली गेली. त्यातही धाकटा पहिला, कारण तो सगळ्यात नवा. हे मला समजलं होतं, बायकोला समजलं होतं. सात वर्षांच्या मुलाला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की आजीला बरं नाही, ती विसरते. त्याला काय वाटत असेल हे आम्ही विचारलं नव्हतं. त्या दुपारी सिनेमाने विचारलं, आमच्या परवानगीशिवाय.

रात्री जेवताना त्याने भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "पप्पा, आजीचा पार्ट मिळतो का?"

मुलांनी काय पाहावं याचा निवाडा आमच्या लहानपणी आईच करायची. ती शाळेत चार यत्ता शिकलेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये साचेखात्यात, मागांवर, आणि ही घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून चार पैसे मिळवायची. १९९४ साली 'ज्युरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अण्णांनी नेलं. या मुलाला हे झेपेल का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. झेपलं नव्हतं. मोठा डायनासोर नव्हे, त्यातलं स्वयंपाकघर. स्टीलचे ओटे, टांगलेली भांडी, ओट्यांमागे लपलेली बहीण-भाऊ आणि त्यांना हुंगत फिरणारी दोन जनावरं. आमच्या घरातही स्टीलची मांडणी होती. रात्री उंदराने आमटीचा डाव पाडला, भांडं नुसतं किणकिणलं, की मी गोधडीत घामाघूम. चार-पाच रात्री झाल्या.

मग एका रात्री आईने मला उठवलं आणि हाताला धरून अंधारात मांडणीपाशी नेलं. दिवा लावला नाही. डाव माझ्या हातात दिला. "पाड."

मी पाडला. फरशीवर खणकन आवाज झाला, अंगावर काटा आला.

"कुणी केला आवाज?"

"मी."

"पुन्हा पाड."

दहा-बारा वेळा पाडायला लावला. शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या तरी थांबली नाही. शेवटी मला हसू यायला लागलं, तेव्हा म्हणाली, "झोप आता." त्यानंतर मी तो सिनेमा पुन्हा कितीदा पाहिला असेन.

त्याही आधीची एक आठवण आहे, गड्ड्याची, आमच्या सोलापूरच्या जत्रेची. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वजांच्या काठ्या, अक्षता, आणि मग होम मैदानावर होमप्रदीपन. सोलापूरच्या प्रत्येक पोराने ते कुणाच्या तरी खांद्यावर बसून पाहिलेलं असतं. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे याच सिद्धेश्वरांशी, लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लाव म्हणून सांगितलं, लग्न लागलं आणि नंतर ती अग्नीत गेली. तिचं प्रतीक म्हणून शालू नेसवलेली कडब्याची पेंढी आमच्यासमोर पेटते. आज ही गोष्ट कुठल्या सिनेमात असती तर मी धाकट्याला दाखवण्याआधी दहादा विचार केला असता. मी पाच वर्षांचा असेन. अण्णांच्या खांद्यावरून विचारलं, "तिला भाजलं का?" आई खालून म्हणाली, "भाजलं असंल. मला बी दर साली तेच वाटतं." एवढंच. घाबरू नकोस म्हणाली नाही, खोटं आहे म्हणाली नाही. तिलाही तेच वाटतं, हे ऐकून मी पुन्हा आगीकडे पाहू शकलो.

सिनेमावर सरकारी शिक्का असतो तो निरर्थक आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. प्रमाणपत्र १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली मिळतं. १९८३ पासून 'यूए' आलं, म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या विचाराने दाखवा. २०२३च्या दुरुस्तीने त्याच्या ७, १३ आणि १६ वर्षं अशा तीन पायऱ्या झाल्या. ओटीटीवर २०२१च्या नियमांमुळे त्या आधीच दिसत होत्या. मला या पायऱ्यांचा उपयोग होतो. सात आणि तेरा यांच्यात किती अंतर असतं ते माझ्या घरात दिसतंच. पण प्रमाणपत्र देणाऱ्यांसमोर सिनेमा असतो, माझं घर नसतं. दिवाणावर कोण बसलंय हे त्यांना दिसणार नाही. ते मला दिसायला हवं होतं.

आणि मोठ्या माणसांच्या नजरेला काय खुपतं आणि मुलांना काय लागतं, यांचा मेळ बसत नाही तो नाहीच. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई.टी.' या १९८२च्या सिनेमात मुलांचा पाठलाग करणाऱ्या माणसांच्या हातात बंदुका होत्या. २००२ साली २० वर्षांनिमित्त तो पुन्हा आणताना त्यांनी बंदुका पुसून तिथे वॉकीटॉकी घातले. पुढे त्यांना स्वतःलाच ते चुकलं असं वाटलं, त्यांनी ते उघडपणे सांगितलं आणि मूळ सिनेमा पुन्हा होता तसा केला. आमची थोरली सहा वर्षांची असताना आम्ही तो पाहिला. बंदुका तिच्या लक्षातही आल्या नाहीत. पाण्याच्या कडेला तो परग्रहावरचा जीव पांढराफटक पडून असतो, तिथे ती हुंदके देऊन रडली. त्याच पावसाळ्यात आमचं मांजर गटाराच्या कडेला तसंच सापडलं होतं.

माझ्या मुलाच्या वर्गमित्राची आई प्राथमिक शाळेत शिकवते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, अशा दोन्ही भाषांतून पोरं तिला जवळून कळतात. ती म्हणते, "मी शेवटची वीस मिनिटं आधी बघते. मूल झोपताना तेवढंच घेऊन झोपतं." हे मला फार पटतं. दुसरे एक गृहस्थ रिमोट हातात धरूनच बसतात, नको ते आलं की पळवतात. ते मात्र मला पटत नाही. पळवलेल्या जागी मूल स्वतःच्या मनाने काहीतरी भरतं, आणि ते बहुधा पडद्यावर होतं त्याहून वाईट असतं. अण्णांची मिल बंद पडायच्या दिवसांत मी खोलीत शिरलो की घरातलं बोलणं थांबायचं. त्या गप्प बसण्याने मी जितका घाबरलो तितका भोंगा बंद झाल्यावर घाबरलो नाही.

पण विज्ञानकथेच्या सिनेमाबद्दल आणखी एक गोष्ट या वेळी मला कळली, आणि ती मी इतक्या वर्षांत ध्यानात घेतली नव्हती. परीची छडी फिरते, राजकुमारी जागी होते, तेव्हा मुलाला पक्कं ठाऊक असतं की आपल्या गल्लीत परी येत नाही. विज्ञानकथा तसं म्हणत नाही. ती म्हणते, हे होऊ शकतं. यंत्र आहे, कारण आहे, तार जोडली की दिवा लागतो. म्हणून मुलं तिच्यावर जास्त विश्वास ठेवतात, आणि ठेवावाच. या विश्वासातूनच उद्या कुणी मशीन उघडून बघतं, आकाशाकडे दुर्बीण लावतं. केगावच्या विज्ञान केंद्रात धाकटा एकेका खेळण्याचं बटण चार-चार वेळा दाबून आत काय होतंय ते वाकून बघत होता, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हाच विश्वास होता. त्याच विश्वासाने त्याने आजीचा हात धरला. सिनेमाने त्याला कृती दाखवली होती: आधी हात, मग कपाळ. त्याने ती पायरीपायरीने केली आणि ती चालली नाही.

मग तो रोज करायला लागला. सकाळी उठल्यावर, दुकानातून आल्यावर, झोपताना. आधी उजवा हात, मग डावा. एकदा गाणं पण गुणगुणला. आई कधी हसायची, कधी चिडून हात सोडवून घ्यायची. आठवडाभर मी ते पाहत होतो आणि सिनेमा दाखवल्याचा पश्चात्ताप करत होतो. हा सिनेमा माझ्या मुलासाठी, या वर्षी, योग्य नव्हता. त्यात भीतिदायक काही होतं म्हणून नव्हे. त्यात दिलेली आशा आमच्या घरात खरी ठरणार नव्हती, म्हणून.

आईने केलं ते करून पाहावं, असंही मनात आलं. पण डाव कुणी पाडला याचं उत्तर माझ्यापाशी होतं. इथे आवाज खरोखरच दुसरं कुणी करत होतं.

आईला दाखवायला नेलं तेव्हा तोही हट्टाने आला. डॉक्टरांना त्याने थेट विचारलं, "आजीचा बोर्ड बदलता येतो का?" मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. म्हणाले, "नाही येत. डोळ्यातली लेन्स येते बदलता, गुडघा येतो. हे नाही येत. कुणालाच नाही येत अजून." मग म्हणाले, "तू हात धरतोस ना? धर. आठवण यायला म्हणून नको. तिला बरं वाटावं म्हणून धर." तो काही बोलला नाही. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडला. सात रस्ता चौकापासून घरापर्यंत. मी त्याला गप्प केलं नाही.

त्या दिवसापासून कपाळाला कपाळ लावणं थांबलं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत त्याने तोच सिनेमा पुन्हा मागितला. मी म्हटलं, राहू दे, दुसरा बघू. तर म्हणाला, "शेवट खोटा आहे. पण मला बघायचाय." आम्ही पाहिला. या वेळी मी शेंगा सोलत मागे बसलो नाही, त्याच्या शेजारी खाली चादरीवर पालथा पडलो. वॉल-ई ईव्हला ओळखत नाही तिथे त्याने माझ्याकडे सरकून माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. थोरली या वेळी टाळ्या वाजवायची थांबली होती. शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्यावर तो म्हणाला, "ईव्हने पहिल्यांदा हात धरला तेव्हा तिला पण माहीत नव्हतं ना, आठवेल का ते?" मी म्हटलं, "नव्हतं." हे मला दोनदा पाहूनही सुचलं नव्हतं.

परवा संध्याकाळी तो दुकानातून एक रिकामी कांडी आणि सुताची लड घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. पदराचा काठ गुंडाळणारी आजीची बोटं त्याने पाहिली होती आणि दुकानात कांड्याही पाहिल्या होत्या. दोन्ही त्याने आपली आपणच जोडली असणार. लड दोन्ही हातांत ताणून तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि कांडी तिच्या हातात दिली.

आईने कांडी फिरवून पाहिली. अंगठ्याच्या नखाने टोक चाचपलं. सुताचं तोंड शोधलं, जिभेला लावलं, पिळलं, आणि भरायला लागली. वीस-बावीस वर्षांत तिने कांडीला हात लावला नसेल. पण सूत एका बाजूला चढत नव्हतं, फुगत नव्हतं, जसं यायला हवं तसं सारखं बसत होतं. तिचा चेहराही वेगळा दिसायला लागला. कामात असलेल्या बाईचा.

धाकटा बघत होता. बऱ्याच वेळाने हळूच मला म्हणाला, "आजीला दोरा आठवतो. मी नाही."

"हाताला आठवतो," मी म्हटलं. "हाताचं शेवटपर्यंत राहतं."

त्याचे हात खाली आले होते, लड सैल पडली होती. आई एकदम करवादली, "बापू, ढिल्ला सोडू नको. गुंता व्हतोय."

बापू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ती कांड्या भरायची तेव्हा लड धरून तोच बसायचा.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर करून दोरा ताणला. "नाही सोडत," तो म्हणाला, "तू भर."